आवाज नेमका कुठे अडतो?

देवगड-मालवण पट्ट्यातली डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, आता देवळासमोरच्या मांडवात संपत नाही. मिठबावात नाहीतर आचऱ्यात रात्रभर रंगलेला सामना यूट्यूबवर चढतो आणि मुंबई-ठाण्यातले चाकरमानी तो लॅपटॉपवर लावून ऐकतात. बुवांचे शब्द कळतात, पेटी कळते, झांज तर नको इतकी कळते. पखवाज मात्र हरवतो. डाव्या पुडीला ओली कणीक लावून वादक जो घुमारा काढतो, ज्याच्या आधारावर सगळी बारी उभी असते, तो लॅपटॉपमधून निव्वळ टकटक होऊन बाहेर येतो. मग कोणीतरी जाणकार सल्ला देतो की बाहेरून डॅक लाव, आवाज सुधारेल. बाजारात बघायला जावं तर हजार रुपयांपासून लाखाच्या वरपर्यंत डॅक मिळतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर आधीच्यापेक्षा मोठे आकडे छापलेले असतात. माझं म्हणणं असं आहे की डॅक ही कामाची वस्तू आहे, पण ज्या कामासाठी ती विकली जाते ते काम बहुतेक लॅपटॉपांत आधीच नीट होत असतं. तिचा खरा उपयोग दुसऱ्याच ठिकाणी होतो. ते ठिकाण ओळखलं तर थोडक्या पैशांत भागतं. ओळखलं नाही तर लाख रुपये घालूनही पखवाज टकटकच वाजतो.

डॅक म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. लॅपटॉपमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग असते. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सीडी बाजारात आणली तेव्हा ठरलं की दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घ्यायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचं. हे आकडे कोणाच्या मनाला आले म्हणून ठरले नाहीत. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, तेही तरुणपणी. पन्नाशीनंतर वरचे तीनचार हजार तरी सहज गळालेले असतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे गणित मांडलं त्यानुसार, एखाद्या मर्यादेपर्यंतच्या आवाजाची दुपटीहून जास्त मापं घेतली की त्यावरून मूळ लहर तंतोतंत उभी करता येते. मापांच्या मधल्या जागेत काहीतरी निसटतं, ही समजूत कितीही स्वाभाविक वाटली तरी चुकीची आहे. १६ बिटांमुळे सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. मांडवातल्या डबलबारीत लोकांच्या कुजबुजीपासून गजराच्या टिपेपर्यंत एवढं अंतर कधीच नसतं.

हे आकडे परत लहरीत बदलणारी चिप प्रत्येक लॅपटॉपच्या मदरबोर्डवर असते. इंटेलने २००४ साली त्यासाठी एक सामाईक रचना आणली आणि तेव्हापासून साध्यासुध्या लॅपटॉपवरही सीडीच्या दर्जाचं किंवा त्याहून वरचं रूपांतर होऊ लागलं. म्हणजे डॅक तुमच्याकडे आहेच. तुम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर दुसराही आहे, कारण ब्लूटूथवरून आकडेच जातात आणि त्यांचं रूपांतर हेडफोनच्या पोटात होतं. अशा माणसाने लॅपटॉपला बाहेरून डॅक जोडला तर त्या डॅकमधून काहीच जात नाही. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं तरी तीच गोष्ट. एवढं एक लक्षात ठेवलं तरी कित्येकांचे पैसे वाचतील.

मग पखवाज कुठे गेला? तो स्पीकरमध्ये गेला. लॅपटॉपचे स्पीकर बोटाच्या पेराएवढे असतात आणि खालच्या स्वरांसाठी भरपूर हवा ढकलावी लागते. एवढ्याशा पडद्याला ते जमत नाही; साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली बहुतेक लॅपटॉप मान टाकतात. कणीक लावलेल्या पुडीचा मूळ घुमारा त्याच्या बराच खाली असतो. बाहेर येतो तो फक्त थापेचा वरचा भाग. यावर जगातला कुठलाही डॅक उपाय करू शकत नाही, कारण डॅक स्पीकरच्या अलीकडे असतो आणि अडचण स्पीकरची आहे. अशा घरात पहिले पैसे बऱ्यापैकी हेडफोनवर किंवा वीज लागणाऱ्या छोट्या स्पीकरच्या जोडीवर खर्च व्हायला हवेत. त्याच्याही आधी बिनपैशाचा उपाय आहे. विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये कंपनीने घातलेल्या ‘एन्हान्समेंट’ असतात, त्या बंद करून बघाव्यात. पेटीला बोगद्यात बसवल्यासारखा जो आवाज येतो तो पुष्कळदा तिथूनच आलेला असतो.

तरीही डॅकची गरज पडते, आणि ती कुठे पडते हे बघण्यासाठी रूपांतराच्या पुढे जायला हवं. आकड्यांची लहर झाली की ती अगदी नाजूक विद्युतदाबाच्या रूपात मदरबोर्डवरून हेडफोनच्या जॅकपर्यंत जाते. वाटेत शेजारी प्रोसेसर असतो, पडद्याचा प्रकाश सांभाळणारं सर्किट असतं, वायफायचं सर्किट असतं. या सगळ्यांचे विद्युत झटके त्या लहरीत मिसळू शकतात. गाणं बंद असताना हेडफोन कानाला लावून माउस हलवला की बारीक चिरचिर ऐकू येते, मोठी फाइल उघडताना शिट्टी वाजते, त्याचं कारण हे. दुसरी अडचण जॅकच्या आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे त्याच्या आतल्या विद्युतरोधाची. जाणकारांचा ठोकताळा असा की हा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. जॅकचा रोध जास्त आणि कानात घालायचे इअरफोन सोळा ओमचे, असं जुळलं की काही स्वर फुगतात, काही दबतात. तिसरी अडचण ताकदीची. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओमचा हेडफोन साध्या लॅपटॉपवर लावला तर आवाज पूर्ण वाढवूनही दुबळाच वाटतो. या तिन्ही दुखण्यांवर बाहेरचा डॅक लागू पडतो, कारण तो नाजूक भाग लॅपटॉपच्या गोंगाटाबाहेर काढतो आणि सोबत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणतो. उपयोग होतो तो या जागाबदलाचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा. जाहिरात होते ती रूपांतराची.

जाहिरातीतले आकडे १९२ किलोहर्ट्झ, ३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट अशा भाषेत बोलतात. त्यांच्या विरोधातला सर्वांत बोलका पुरावा बोस्टन ऑडिओ सोसायटीच्या ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांचा आहे. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी प्रयोग मांडला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून ऐकवलं. कुठलं कुठे आहे ते ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. ५५४ वेळा ही परीक्षा झाली आणि २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच आलं असतं. या प्रयोगावर आक्षेप आहेत. वापरलेल्या काही डिस्कमधलं ध्वनिमुद्रण मुळातच तेवढ्या दर्जाचं नव्हतं, असं टीकाकार म्हणतात आणि ते अगदीच गैर नाही. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. साडेबारा हजारांहून जास्त चाचण्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर आलं. कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते याहून जास्त होतं. म्हणजे फरक असूही शकेल. पण जो फरक ओळखताना सर्वसाधारण श्रोता शंभरातल्या पन्नासऐवजी बावन्न वेळा बरोबर येतो, त्याच्यासाठी घरातल्या माणसाने किती रुपये मोजायचे याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी तरी मोजणार नाही.

‘पण मला फरक स्पष्ट ऐकू आला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. महागडा डॅक साधारण दोन व्होल्टपर्यंत आवाज बाहेर देतो, लॅपटॉपचा जॅक बहुधा एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. दाब दुप्पट झाला की आवाज सहा डेसिबलने वाढतो. आणि आवाज थोडा जरी वाढला तरी कानाला तो ‘मोठा’ वाटण्याऐवजी ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘स्वच्छ’ वाटतो. हे कानाचं जुनं वैशिष्ट्य आहे. मोठ्या आवाजात खालचे स्वर जास्त ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. दुकानात दोन डॅक पाठोपाठ ऐकवतात तेव्हा ज्याचा आवाज अर्धा डेसिबल जास्त तो जिंकतो. खरी तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मीटरने अगदी एकसारखा करायला हवा, आणि अदलाबदल दुसऱ्या कोणीतरी न सांगता करायला हवी. घरी हे पूर्ण जमणार नाही. निदान घरातल्या मुलाच्या हाती वायर द्यावी, आपण पाठ करून बसावं आणि वीसेक वेळा कागदावर उत्तर लिहावं. पंधरापेक्षा कमी बरोबर आली तर डॅक परत करायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: साधन चांगलं असेल तर जुन्या ध्वनिमुद्रणातलंही काहीतरी अधिक ऐकू येईल. इथे केसरबाई केरकरांचं उदाहरण घेऊ. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सुवर्ण तबकडीवर गेली. ते मूळ ध्वनिमुद्रण ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात म्हणून गायकी तेवढ्यात आवरायची, आणि वरच्या बाजूला साधारण आठ-दहा हजार हर्ट्झच्या पुढे घासण्याची खरखर सोडून फारसं काही नाही. २०,००० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या साध्या डॅकमधून त्या तबकडीतलं सगळं येतं आणि वर जागा शिल्लक राहते. ३८४ किलोहर्ट्झचा डॅक लावून केसरबाईंचा आवाज आणखी उघडणार नाही, कारण उघडायला तिथे काही शिल्लकच नाही. डबलबारीचंही तेच. ती फोनवर टिपलेली, मग यूट्यूबने दाबून लहान केलेली. आवाजाचा दर्जा फोनच्या माइकपाशी ठरून गेलेला असतो. चांगल्या हेडफोनमध्ये ती नक्की सुधारते, कारण हेडफोन हा या साखळीतला दुबळा दुवा असतो. डॅक तसा दुवा क्वचितच असतो.

आता मिठबावासारख्या गावात जिथे हा प्रश्न सर्वांत कर्कश होतो तिथे येऊ. गणपतीत, जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी लॅपटॉप आणतो आणि त्याच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडतो. बटण सोडल्याबरोबर सगळ्या मांडवात घुंऽऽ असा आवाज भरतो. ही आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची घुमघुम. हिचं मूळ अर्थिंगमध्ये आहे. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, कदाचित दुसऱ्याच घरातून ओढलेल्या लाइनवर; दोन्हींच्या अर्थच्या दाबात थोडा फरक असतो आणि तो फरक आवाजाच्या वायरच्या जाळीतून वाहू लागतो. दोन पिनांच्या चार्जरची तऱ्हा वेगळी. त्यात अर्थ नसल्याने चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारी वीज लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते. बोट फिरवलं की झिणझिण्या जाणवतात ती हीच, आणि मिक्सरला जोडलं की हीच ऐकू येते. किनारपट्टीवर यात जांभ्याची भर पडते. पावसाळा सरून दोनतीन महिने झाले की जांभा सुकतो, आणि सुक्या जांभ्यातून वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून तर अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून उन्हाळ्यात वरून पाणी ओतण्याची पद्धत आहे. ज्या घरात हा खड्डा वर्षानुवर्षं कोणी बघितलेला नाही त्या घराची तिसरी पिन नावापुरतीच असते.

या घुमघुमीवर यूएसबी डॅक आणून उपयोग होत नाही, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. यूएसबीच्या वायरमध्ये आवाजाच्या आकड्यांसोबत लॅपटॉपचा ग्राउंडही येतो, त्यामुळे डॅकच्या पलीकडेही फेरा तसाच पूर्ण होतो. निदान सोपं आहे: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. घुमघुम गेली तर दोष अर्थचा. राहिली तर वायर किंवा मिक्सर तपासायचा. गेली असेल तर कार्यक्रमभर बॅटरीवर चालवणं हा फुकटचा उपाय. ते शक्य नसेल तर चार्जर आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. त्यानेही भागलं नाही तर साऊंडवाल्याकडचा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकावा. त्यात आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि तारेचा जोड तुटतो. डॅक घ्यायचाच असेल तर ऑप्टिकल जोड असलेला घ्यावा आणि तो मिक्सरपाशी ठेवून लॅपटॉपच्या बाजूने त्याच्यापर्यंत प्रकाशाची वायर आणावी, कारण प्रकाशाच्या वायरीतून वीज जातच नाही. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. घुमघुम घालवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायची, ही युक्ती मांडवामांडवांतून चालते. तिने आवाज जातो खरा, पण पुढे कधी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर माइक धरलेल्या बुवांच्या हातातून वीज जमिनीला वाट शोधते.

समुद्राचा वाटाही इथेच सांगून टाकायला हवा. खाऱ्या, दमट वाऱ्याने जॅकच्या आतल्या पत्र्यांवर गंज धरतो. वायर हलवली की एका कानातला आवाज जातो, करकर होते, आणि लॅपटॉपची आवाजाची चिप गेली असं समजून लोक दुरुस्तीला धावतात. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुष्कळदा पुरतो. जॅक पूर्ण खराब झाला असेल तर मात्र मदरबोर्डशी खेळण्यापेक्षा यूएसबीला लागणारा हजाराच्या आसपासचा डॅक घेणं कितीतरी शहाणपणाचं. डॅक घेण्याचं हे कारण जाहिरातीत कधी दिसत नाही, आणि किनाऱ्यावर माझ्या मते तेच सर्वांत रास्त कारण आहे.

तर घ्यायचा कोणता? हेडफोनमध्ये चिरचिर येते, जॅक गेलाय किंवा लॅपटॉपला जॅकच नाही, एवढीच तक्रार असेल तर बोटाएवढा डोंगल बस होतो. अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते साडेतीन मिलिमीटरचा अडॅप्टर दिसायला नुसती वायर आहे, पण तिच्या टोकात पूर्ण डॅक बसवलेला आहे. अमेरिकेत तो नऊ डॉलरला मिळतो आणि मोजमापात सीडीच्या मर्यादेला टेकतो. तो विंडोजवरही चालतो. काही अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज दबलेला येतो, म्हणून फोन आणि लॅपटॉप दोन्हींसाठी हवा असेल तर दुसऱ्या कंपनीचा बघावा. तीनशे ओमचा हेडफोन असेल तर डोंगलने पुरेसा जोर मिळेलच असं नाही. तिथे डॅक आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेली पेटी घ्यावी आणि खोक्यावर किलोहर्ट्झ न बघता आउटपुट किती व्होल्ट, इम्पीडन्स किती ओम, हे बघावं. इम्पीडन्स एक-दोन ओमच्या खाली असला की झालं. २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये नव्या यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर अंगचाच आहे, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर घाला म्हणणारा डॅक टाळलेला बरा; कंपनीने ते सॉफ्टवेअर सांभाळणं सोडलं की वस्तू पडून राहते. एमक्यूए नावाच्या खास फॉरमॅटसाठी जादा पैसे मोजलेल्यांना २०२३ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्याचं बघावं लागलं. आणि २०२१ नंतरचा मॅकबुक प्रो असेल तर काहीच घेऊ नये. त्याचा जॅक जास्त ओमच्या हेडफोनलाही पुरेल असा बनवलेला आहे.

कोणी म्हणेल की हे सगळं कंजूषाचं गणित झालं; चांगल्या घडणीची, जड, सुबक वस्तू टेबलावर असण्यातही सुख असतं. असतं, आणि त्यासाठी कोणी पैसे मोजले तर त्यात वावगं काही नाही. आक्षेप एवढाच की ते सुख कानाच्या नावावर विकलं जाऊ नये. ज्याला खरोखर कानासाठी खर्च करायचाय त्याने गावाकडच्या टोकाला करावा. चार-पाच जणांनी वर्गणी काढून दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस घेतला, म्हणजे उलट्या दिशेने काम करणारा, लहरीचे आकडे करणारा कन्व्हर्टर, तर डबलबारीचं ध्वनिमुद्रण फोनच्या तावडीतून सुटतं. एका इनपुटला मिक्सरच्या ‘रेक आउट’मधून वायर घ्यायची, मध्ये मघाचाच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचा. नुसतं मिक्सरवरचं घेतलं तर गायक पुढे येतात, पण झांज आणि कोरस अर्धवट राहतात, कारण त्यांच्यासमोर बहुधा माइकच नसतो. म्हणून दुसऱ्या इनपुटला एक साधा माइक लावून तो श्रोत्यांत, स्पीकरच्या झोतापासून दूर, पखवाजाच्या डाव्या अंगाकडे तोंड करून उभा करायचा. मग दोन्ही आवाज घरी लॅपटॉपवर एकत्र करताना माइकचा आवाज आधी ठरवायचा आणि मिक्सरचा त्यात हळूहळू मिसळायचा, बुवांचे शब्द स्पष्ट होईपर्यंतच.